पाणपक्ष्यांची मोजणी वर्षानुवर्षं कशी चालू ठेवायची: इंदूरच्या सिरपूर तलावावरून

थंडी पडायला लागली की मला फोन यायला लागतात, ताई आमच्या इथल्या तलावावर पण पक्षी मोजायचेत, चाळीस जण तयार आहेत, पुढे काय करू. मी आधी एकच विचारते, की त्या चाळीसातले मे महिन्यात किती येतील? कारण एक रविवार मोजणी करणं सोपं आहे, पण तिचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत असं पुन्हा पुन्हा होतं, आणि ते जमवून आणणं हेच समन्वयकाचं काम, पक्षी ओळखणारे तर कुठूनही मिळतात. खाली सगळं सविस्तर लिहितेय, उदाहरणं सिरपूरची कारण माझे रविवार तिथेच जातात.

इंदूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. सिरपूर शहराच्या पश्चिमेला धार रोडच्या बाजूला आहे, होळकरांच्या काळातला तलाव. २०२२ मध्ये सिरपूर आणि हातोदकडचा गंभीर नदीवरचा यशवंत सागर हे दोन्ही रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही रामसरची पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळालेली भारतातली पहिली दोन शहरं ठरली. फार अभिमानाची गोष्ट आहे. पण रामसरचे निकष बघितले तर त्यात आकडे मागतात, एखाद्या जागी नियमित २०,००० पाणपक्षी असणं, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी तिथे असणं. म्हणजे "खूप बदकं होती, मस्त वाटलं" हे वाक्य तिथे कुठेच बसत नाही, तिथे आकडा लागतो आणि तो कसा काढला तेही सांगावं लागतं.

प्रश्न छोटा ठेवा

निसर्ग वाचवायचाय हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. प्रश्न असा पाहिजे: सिरपूरच्या पाण्यावर दर पंधरा दिवसांनी कुठल्या जातीचे किती पाणपक्षी असतात, आणि काठावर बेशरमाची झुडपं आणि पाण्यावरची जलपर्णी किती पसरलीये. एवढंच. फुलपाखरं, साप, झाडं, माती सगळं एकदम घ्यायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण मग फॉर्म चार पानांचा होतो आणि तिसऱ्या वेळी कोणीच तो पूर्ण भरत नाही. ज्यांना फुलपाखरांची आवड आहे त्यांनी आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी फोटोसकट टाकायची वेबसाइट) आपले फोटो टाकावेत, मोजणीच्या फॉर्ममध्ये ते आणू नका.

परवानगी लेखी घ्या

जागा ज्यांच्या ताब्यात आहे, महापालिका असो, वनविभाग असो, जलसंसाधन असो, त्यांना एक पानी पत्र द्या, त्यावर तारखा, वेळ, किती माणसं, दुर्बीण-कॅमेरा आणणार हे लिहा आणि पोचपावतीचा शिक्का घ्या. आम्ही पहिल्या वर्षी एका ठिकाणी नुसतं तोंडी बोलून गेलो होतो, सकाळी सातला गेटवर चौकीदार बदललेला, त्याला काहीच माहीत नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. दोन तास तिथेच गेले. आता पत्राची झेरॉक्स प्रत्येक गटप्रमुखाच्या पिशवीत असते. ड्रोन उडवायचा विचार असेल तर तो सोडाच, त्याला वेगळी परवानगी लागते आणि वरून काही आलं की पक्षी उठतात, मग मोजणार काय.

जागा आधी पायी फिरा

मोजणीच्या आधी निदान दोन सकाळी तुम्ही आणि अजून एक जण पूर्ण काठ फिरून या. उभं राहायचे बिंदू ठरवा. सकाळची मोजणी असेल तर पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघायचं, सूर्य पाठीशी राहतो, उलट्या बाजूला उभे राहिलात तर सगळी बदकं काळी दिसतात आणि मग थापट्या कुठला नि तलवार बदक कुठलं, काही कळत नाही. ज्या भागाला दुसरा इलाज नाही तो भाग संध्याकाळच्या मोजणीला ठेवा, पण मग कायम संध्याकाळीच.

मग तलावाचे भाग पाडा, आणि हद्द अशी ठेवा की उभ्याउभ्या दिसली पाहिजे: ते वाळलेलं झाड, तो विजेचा खांब, पाण्यातला तो खुंटा. नकाशावर रेघ मारून भागत नाही. आमच्याकडे एकदा समोरासमोरच्या काठांवरून दोन गटांनी वारकऱ्यांचा (वारकरी नावाचा काळा पाणपक्षी) एकच थवा मोजला, दोघांनीही अगदी मनापासून मोजला, आणि बेरीज केल्यावर ते दुप्पट झाले. तेव्हापासून नियम आहे की मोठा थवा उठला की घड्याळात बघून वेळ आणि दिशा लिहायची, म्हणजे ७:४० ला एका गटाकडून उडालेला थवा ७:४२ ला दुसऱ्याकडे उतरला हे नंतर जुळवता येतं.

माणसं कुठून आणायची, किती

एका बिंदूला तीन माणसं, एक बघणारा, एक मोजणारा, एक लिहिणारा. लिहिणारा हा तिघांत सगळ्यात महत्त्वाचा, त्याने मान वर करायची नाही, ऐकायचं आणि लिहायचं. पाच बिंदू असतील तर पंधरा आणि वर दोन-तीन राखीव, बास. आम्ही एकदा सगळ्यांना बोलावलं, पन्नासच्या वर लोक आले, मुलं, डबे, गप्पा, पक्षी सगळे तलावाच्या मध्यावर जाऊन बसले आणि फॉर्मवर "बदकं - खूप" असं लिहून आलं. लोकांची चूक नव्हती, बोलावणं माझं होतं. ज्यांना फक्त बघायचंय त्यांच्यासाठी आता वेगळा रविवार ठेवतो, तिथे शिकवतो, दुर्बिणीतून दाखवतो, त्यातूनच पुढचे मोजणारे मिळतात.

माझा अनुभव असा की निवृत्त मंडळी सगळ्यात पक्की. सुदामा नगरातून एक काका येतात, आयुष्यभर हिशेबाचं काम केलेलं, पक्षी त्यांना दहाच ओळखता यायचे पण त्यांच्या कागदावर कधी एक रकाना रिकामा सुटला नाही. कॉलेजची मुलं हुशार असतात, डोळे तीक्ष्ण असतात, पण परीक्षा आली की गायब, म्हणून प्रत्येक गटात एक मोठं माणूस आणि एक तरुण अशी जोडी लावा. शाळेतली मुलं असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि पाण्याच्या काठाला ती एकटी जाणार नाहीत याची जबाबदारी एका ठराविक माणसावर द्या, "सगळे लक्ष ठेवतील" म्हणजे कोणीच ठेवत नाही.

मासे धरणाऱ्या लोकांना विसरू नका. त्यांना पाणी कुठे किती खोल आहे, कुठल्या कोपऱ्यात यंदा घरटी झाली, हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आधी जाऊन भेटा, आपण काय करतोय ते सांगा, राम राम करा, चहा घ्या.

साबुदाण्याचा सराव

हे प्रशिक्षण घरीच होतं आणि मला ते फार आवडतं. पोळ्यांचा काळा तवा घ्या, त्यावर मूठभर साबुदाणा टाका, पाच सेकंद सगळ्यांना बघू द्या आणि वर पंचा टाका. प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा, कोणाला दाखवायचा नाही. मग दाणे दहा-दहाचे गट करून मोजायचे. पहिल्यांदा जवळपास सगळे कमी लिहितात, माझ्या मावशीने ६० लिहिलं होतं आणि निघाले १३०. मोठ्या थव्याचा अंदाज नवखा माणूस कमीच करतो, हे सगळीकडे दिसतं. मग युक्ती सांगायची: आधी डोळ्यांनी दहा दाणे मोजा, ते दहा केवढी जागा घेतात ते मनात धरा, आणि तेवढे तुकडे पूर्ण तव्यावर किती बसतात ते बघा. मोठा थवा असेल तर पन्नासचा तुकडा. चार-पाच मुठी झाल्या की अंदाज जवळ यायला लागतो. मग दाणे एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ टाका, कारण पाण्यावर पक्षी कधी सारखे पसरलेले नसतात. सराव झाला की त्याच साबुदाण्याची खिचडी करा, लोक पुढच्या सरावाला न बोलावता येतात.

ओळखीसाठी सुरुवातीला वीसेक जातीच घ्या. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, हळदी-कुंकू बदक, अडई, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, शेकाट्या, टिटवी, खंड्या, ढोकरी, चमचा, चित्रबलाक, मुग्धबलाक, आणि बगळे-पाणकावळे. शेवटच्या दोघांच्या ओळखीवरून भांडणं होतात. पाणकावळे तीन प्रकारचे, बगळे चार, लांबून पांढरं ते पांढरंच दिसतं. बदकांच्या माद्या तर बऱ्याचशा तपकिरीच. म्हणून हे सगळ्यांना ठासून सांगा की माहीत नसेल तर "बदक, जात नक्की नाही" असं लिहायचं, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपमध्येही तसा पर्याय आहे, त्यात कमीपणा काही नाही. अंदाजाने लिहिलेलं नाव दहा वर्षं यादीत बसून राहतं आणि नंतर कोणालाच काढता येत नाही.

मोजणीचा दिवस

जानेवारीत इंदुरात सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो, म्हणून आम्ही पावणेसातला जमतो आणि सव्वासातला सुरू करतो. धुकं असेल तर थांबायचं, आणि किती वाजता सुरू केलं ते खरं लिहायचं. कपडे मातकट किंवा हिरवे, लाल-पांढरं जॅकेट नको. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण सगळ्यात सोयीची, प्रत्येकाकडे असायलाच पाहिजे असं नाही, बिंदूला एक असली तरी चालतं. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून बोलवायचे नाहीत, फोटोसाठी जवळ जायचं नाही, घरट्याच्या आसपास तर नाहीच.

नोंदीत या गोष्टी दर वेळी पाहिजेत: तारीख, सुरू आणि संपलेली वेळ, बिंदू, किती माणसं, हवामान, आणि दिसलेल्या सगळ्या जाती आकड्यासकट. ईबर्डवर टाकताना तिथे विचारतात की ही यादी पूर्ण आहे का, म्हणजे जे ओळखता आलं ते सगळं लिहिलं का. याचं उत्तर हो असेल अशीच यादी करायची, फक्त खास पक्षी लिहून कावळा-साळुंकी सोडायची नाही, कारण पूर्ण यादीतूनच "हा पक्षी इथे दिसला नाही" हे कळतं, अर्धवट यादीतून नाही. चालत मोजणी असेल तर एका तासाच्या वर एक यादी लांबवू नका, नवीन सुरू करा, आणि त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच धरायचं. गटातल्या एकानेच यादी भरायची आणि बाकीच्यांना शेअर करायची, पाच जणांनी तेच पाच वेळा टाकलं तर गोंधळ होतो.

काही नसेल तर शून्य लिहा. हे मी सगळ्यात जास्त वेळा बोलते. "काही नव्हतं म्हणून फॉर्म भरला नाही" असं दर वेळी कोणीतरी म्हणतंच, पण ऑक्टोबरात एकही थापट्या नव्हता हे लिहिलेलं असेल तरच नोव्हेंबरात ते आले हे सांगता येतं.

सुरक्षेचं थोडक्यात: कोणीही एकटं नाही, मोबाइल चार्ज, काठावरच्या ओल्या मातीत पाय टाकायच्या आधी काठीने बघायचं, कुत्री आली तर पळायचं नाही, प्रथमोपचाराची पेटी गटप्रमुखाकडे आणि जवळचं हॉस्पिटल आधीच ठरलेलं. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही. २०२० च्या डिसेंबरअखेर आणि नंतर जानेवारीत इंदुरात कावळे मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे हे उगाच सांगत नाही. लांबून फोटो, जागा, वेळ, संख्या, आणि लगेच वनविभाग किंवा पशुवैद्यकीय विभागाला फोन.

पाणी आणि काठ

पक्षी मोजून भागत नाही, ते का आले किंवा का गेले ते पाण्यात असतं. तीन गोष्टी करा, तिन्ही जवळजवळ फुकट आहेत.

पहिली, फोटोचे बिंदू. चार जागा ठरवा, तिथे दगडावर रंगाची खूण करा (परवानगीने), आणि दर महिन्याला त्याच खुणेवर उभं राहून त्याच दिशेला, झूम न करता फोटो. चौकटीत कायमची एक वस्तू पाहिजे, खांब किंवा झाड. वर्षभराचे बारा फोटो शेजारी ठेवले की बेशरम काठावरून आत किती सरकलं ते लहान मुलालाही दिसतं.

दुसरी, पाण्याची पातळी. बांधावर घाटाच्या पायऱ्या असतील तर वरून किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजा आणि लिहा. पायऱ्या नसतील तर एका पक्क्या भिंतीवर खूण.

तिसरी, पाणी किती गढूळ. हे मोजायच्या साधनाला सेकी डिस्क म्हणतात, गोड्या पाण्यासाठी २० सेंटीमीटरची गोल चकती, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग. आम्ही ती स्टीलच्या जुन्या ताटलीची केली, मधोमध भोक पाडून दोरी, खाली वजनाला जुना बोल्ट, दोरीवर दर दहा सेंटीमीटरला गाठ. दुपारच्या उन्हात, सावलीच्या बाजूने, गॉगल काढून हळूहळू पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की मोजायचं, वर ओढताना पुन्हा दिसली की मोजायचं, दोन्हीची सरासरी. जिथे तळच दिसतो तिथे हिचा उपयोग नाही, खोल जागा पाहिजे, आणि त्यासाठी कोणी पाण्यात उतरायचं नाही, धक्क्यावरून किंवा परवानगी असलेल्या नावेतूनच.

त्याच संध्याकाळी तपासणी

फॉर्म त्याच दिवशी बघा, डोक्यात ताजं असतं तेव्हाच. आकडा फार मोठा वाटला, किंवा कधी न दिसलेली जात आली, तर फोन करा, पण बोलायचं कसं हे महत्त्वाचं: "काका, चक्रवाक ४० लिहिलेत, एका थव्यात होते की वेगवेगळे? रंग कसा दिसला?" असं विचारा, "नक्की का हो?" असं नको. एकदा माणसाला वाटलं की आपल्यावर विश्वास नाही, की तो पुढच्या वेळी येत नाही किंवा, त्याहून वाईट, सुरक्षित आकडे लिहायला लागतो. बदल केलात तर मूळ आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा, तारीख आणि कारण टाका.

काही गोष्टी जाहीर करायच्या नाहीत. सारस पावसाळ्यात घरटं करतो, साधारण दोन अंडी, यशवंत सागरच्या बाजूला सारस असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण घरट्याची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर गेली की दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन लोक पोचतात. आमच्या ग्रुपवर घरट्याचा फोटो टाकायला पूर्ण बंदी आहे, माहिती फक्त समन्वयकाला आणि वनविभागाला. आयनॅचरलिस्टवर टाकलंच तर जागा लपवायचा पर्याय निवडायचा.

आकड्यांचं काय करायचं

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, भारतीय उपखंडात १९८७ पासून चालू आहे, तुमची एक मोजणी त्या तारखांना बसवा. बाकी सगळं ईबर्डवर. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ९४२ जातींबद्दल बोलतो, आणि तो सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे, आपल्यासारख्यांच्याच, पगार न घेता सकाळी उठणाऱ्यांच्या. हे मी नव्या लोकांना आवर्जून सांगते, त्यांचा चेहरा बदलतो.

पण घाई नको. यंदा सिरपूरला बदकं कमी दिसली म्हणून लगेच पेपरला "पक्षी घटले" असं देऊ नका. पाऊस चांगला झाला की आजूबाजूची सगळी तळी भरतात आणि पक्षी पांगतात, कदाचित ते यशवंत सागरला मजेत असतील. म्हणून जमेल तेव्हा दोन्ही तलाव एकाच सकाळी मोजा, दोन गट, एकच वेळ. आणि निदान पाच हिवाळे हातात आल्याशिवाय वाढ-घट असा शब्द वापरू नका. बेशरम पसरल्याचे फोटो मात्र वर्षभरातच महापालिकेला दाखवता येतात, ते दाखवाच, तारखांसकट.

माणसं टिकवणं

मोजणी झाली की त्याच आठवड्यात सगळ्यांना एक छोटा मेसेज: किती जाती, किती पक्षी, कोणत्या बिंदूवर काय विशेष. प्रत्येकाला आपला आकडा त्यात दिसला पाहिजे. वर्षाच्या सगळ्या तारखा जूनमध्येच द्या, लग्नसराई, गणपती, दिवाळी टाळून. मोजणीनंतर पोहे-जिलेबी, हे इंदुरात सांगावं लागत नाही. आणि कोणी म्हणालं की आता जमणार नाही, तर आग्रह करू नका, आभार माना आणि त्याची जागा कोणाला शिकवता येईल ते त्यालाच विचारा.

उन्हाळ्यात संख्या घटते, मार्च-एप्रिलमध्ये पाहुणे पक्षी निघून जातात, पाणी आटतं, दोन-तीनच जण येतात. तेव्हा बिंदू कमी करू नका, तीन माणसं पाचही बिंदूंवर एकामागून एक फिरली तरी चालेल, फक्त माणसं किती होती ते लिहा. मागच्या मेमध्ये मी, काका आणि लोकमान्य नगरातली एक मुलगी, तिघंच होतो, साडेनऊपर्यंत चटके बसायला लागले होते, तरी पाचव्या बिंदूवर टिटवीची तीन पिल्लं दिसली आणि काकांनी हळदी-कुंकू, टिबुकली असं ओळीने लिहून पुढे थापट्या शून्य, तलवार बदक शून्य, चक्रवाक शून्य असं सगळं व्यवस्थित भरलं.

शेवटची कामाची गोष्ट, सगळे कागद तीन ठिकाणी ठेवा. मूळ फॉर्म फाइलमध्ये, फोटो काढून ड्राइव्हवर, आणि एक्सेल दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर. आणि एक वही करा ज्यात बिंदू कुठे आहेत, हद्दीचं झाड कुठलं, चौकीदाराशी कोण बोलतं, सेकी डिस्क कोणाच्या घरी असते हे सगळं लिहिलेलं असेल. माझी ती वही आता त्या लोकमान्य नगरच्या मुलीकडे आहे, या नोव्हेंबरची पहिली मोजणी ती लावणार आहे, मी लिहिणारी म्हणून जाणार.